प्राचीन इस्राएलचा धर्म आणि उपासना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या करारातली माणसं प्रत्यक्षात पूजाअर्चा कशी करत, यावर लिहायला लागल्यापासून तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. काही चर्चच्या बायबल-अभ्यासातून येतात, काही इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून, काही बेने इस्राएल (कोकणातल्या यहुदी) घरांतून, आणि बरेचसे एखादा व्हिडिओ बघून रात्री साडेअकराला धाडलेले असतात. म्हणून ही उत्तरं एका जागी ठेवली आहेत. नावं शक्यतो मराठी बायबलमधली वापरली आहेत.

१. प्राचीन इस्राएलचा धर्म म्हणजे यहुदी धर्मच ना? वेगळं नाव कशाला?

नातं सरळ आहे, पण दोन्ही एक नव्हेत. आज यहुदी धर्म म्हटलं की सिनेगॉग, राब्बी, तोराहचं वाचन, प्रार्थना डोळ्यांपुढे येतात. इ.स.पू. आठव्या शतकातल्या यरुशलेमच्या माणसाला यातलं फारसं काही ओळखू आलं नसतं. त्याच्या धर्मात वेदी होती, बळी होता, पुरोहित होते, धूप होता आणि पिकांच्या हंगामाला बांधलेले सण होते.

हा काळ साधारण इ.स.पू. १२०० ते ५८६ धरतात. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्राएल’ हे नाव पहिल्यांदा दिसतं, तेही ‘त्यांचा निःपात केला’ अशा फुशारकीत. पुढे दोन राज्यं झाली : उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. उत्तरेची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी घेतली आणि यरुशलेमचं मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने जाळलं. बाबिलोनच्या हद्दपारीतून परतल्यावर बांधलेलं दुसरं मंदिरही इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं आणि बळी थांबले. आज आपल्याला माहीत असलेला यहुदी धर्म त्यानंतरच्या शतकांत घडत गेला.

२. इतक्या जुन्या गोष्टी कळतात कशावरून? सगळं बायबलमधूनच ना?

बायबल आहेच. पण त्यातले ग्रंथ कित्येक शतकांत लिहिले, जोडले, दुरुस्त केले गेले, आणि अंतिम हात फिरवणारे बहुतेक जण ‘एकच देव, एकच मंदिर’ या मताचे होते. १८०५ मध्ये डे वेट्टे या जर्मन अभ्यासकाने अनुवाद हा बायबलमधला ग्रंथ यहूदाचा राजा योशीया याच्या धर्मसुधारणांशी (पाहा प्रश्न ८) जोडला. १८७८ मध्ये युलियुस वेलहाउझेनने मांडलं की लेवीय या ग्रंथातले सविस्तर याज्ञिक नियम मोशेच्या काळातले नसून बरेच उशिराचे आहेत. त्याचे बरेच मुद्दे आज जसेच्या तसे कोणी मानत नाही, पण त्याने उभा केलेला प्रश्न अजून चुकवता येत नाही.

दुसरं साधन उत्खननाचं : वेद्या, मूर्ती, हाडं, खापरं. तिसरं लेखांचं, आणि माझं लक्ष सगळ्यात आधी तिकडेच जातं, कारण मडक्यावर आशीर्वाद खरडणाऱ्याला आपण कधी वाचले जाऊ याची कल्पना नव्हती. शिवाय शेजाऱ्यांची कागदपत्रं आहेत. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये १९२९ पासून मातीच्या पाट्या निघाल्या. एल, अथिरात म्हणजेच अशेरा, बआल, अनात ही देवमंडळी त्यांत त्यांच्या स्वतःच्या घरात भेटतात, बायबलच्या शिव्या न खाता.

३. इस्राएली लोक बाहेरून आले की तिथलेच कनानी (त्या भूमीतले जुने रहिवासी) होते?

उत्खनन ‘बरेचसे तिथलेच’ या बाजूला झुकतं. इ.स.पू. १२०० नंतर मध्यभागातल्या डोंगराळ पट्ट्यात शेकडो लहान वस्त्या उगवतात. त्यांची मडकी कनानी वळणाची, हिब्रूही कनानी भाषांच्याच घरातली, आणि खुद्द ‘इस्राएल’ या नावात ‘एल’ हा कनानी देव बसलेला आहे, इस्राएलचा देव याह्वे नव्हे. एखादा लहान गट दक्षिणेकडून किंवा इजिप्तकडून येऊन मिसळला असेल, हे बरेच जण मान्य करतात.

‘पण त्या वस्त्यांत डुकराची हाडं नाहीत, म्हणजे ते वेगळेच लोक!’ हा मुद्दा हमखास येतो. सुरुवातीच्या डोंगरी गावांत डुकराची हाडं खरोखरच नगण्य आहेत आणि किनाऱ्यावरच्या शेजारी पलिष्ट्यांच्या मोठ्या शहरांत ती भरपूर आहेत. मात्र इ.स.पू. आठव्या शतकात उत्तरेच्या राज्यातल्या काही ठिकाणी डुकरं पुन्हा दिसू लागतात, यहूदात दिसत नाहीत. तेव्हा हाडांवरून जात ओळखायला जाऊ नये.

४. याह्वे हे नाव कुठून आलं? आणि यहोवा की याह्वे?

नाव य-ह-व-ह या चार व्यंजनांचं. पुढे त्याचा उच्चार करणं टाळलं जाऊ लागलं आणि वाचताना ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझा प्रभू’ म्हणायची रीत पडली. त्याची आठवण म्हणून मध्ययुगीन लेखनिकांनी या व्यंजनांवर ‘अदोनाय’च्या स्वरखुणा घातल्या. कोणीतरी दोन्ही मिसळून वाचलं आणि ‘यहोवा’ तयार झालं. ‘याह्वे’ हा अभ्यासकांनी जुळवलेला उच्चार आहे. मराठी बायबलमध्ये तुम्हाला बहुतेक ठिकाणी ‘परमेश्वर’ दिसेल.

बायबलबाहेर या नावाचा निःसंशय उल्लेख पहिल्यांदा मिळतो तो शत्रूच्या तोंडून. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धीबान इथे इस्राएलच्या शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. तो इ.स.पू. ८४० च्या सुमाराचा आहे. मेशा सांगतो की नबो हे गाव घेतलं, सात हजार माणसं मारली, तिथली याह्वेची पात्रं ओढत आणून आपल्या कमोश देवापुढे ठेवली. भाषा आणि देवाशी बोलण्याची ढब इतकी बायबलसारखी की कमोशच्या जागी परमेश्वर घातला तर उतारा बायबलच्या ‘राजे’ या ग्रंथात खपून जाईल.

त्याआधीचा धागा दक्षिणेकडे जातो. सुदानमधल्या सोलेब इथे इजिप्तचा राजा तिसरा अमेनहोतेप याच्या देवळात ‘यहव’ नावाच्या भूमीतल्या शासू भटक्यांचा उल्लेख आहे आणि अनेक अभ्यासक तो या नावाशी जोडतात. बायबलमधली जुनी गीतंही देव सेईर, अदोम, सीनाय इकडून येतो असंच म्हणतात (शास्ते ५, अनुवाद ३३). म्हणजे हा दक्षिणेचा देव. डोंगरातल्या लोकांच्या एलशी तो पुढे एकरूप झाला. अनुवाद ३२:८ मध्ये परात्पराने राष्ट्रं वाटून दिली ती ‘इस्राएलाच्या पुत्रांच्या संख्येप्रमाणे’, असं रूढ हिब्रू पाठात आहे. मृत समुद्राकाठच्या गुंडाळीत तिथे ‘देवाचे पुत्र’ आहेत. एका शब्दाच्या या बदलामागे देवांची आख्खी सभा लपलेली आहे.

५. याह्वेला बायको होती हे खरं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सावकाश.

सीनायच्या ईशान्य भागात, वाळवंटातल्या एका एकट्या टेकडीवर, कुंतिलेत अज्रूद नावाची जागा आहे. झेएव मेशेल यांनी १९७५–७६ मध्ये ती खणली. इ.स.पू. ८०० च्या आसपासचा हा वाटेवरचा मुक्काम होता. तिथे दोन मोठे रांजण फुटलेल्या अवस्थेत मिळाले. त्यांच्या पोटावर शाईने चित्रं काढलेली आहेत : वासराला पाजणारी गाय, एका झाडाला दोन्हीकडून भिडलेले रानबोकड आणि त्याखाली सिंह, खुर्चीवर बसून तंतुवाद्य वाजवणारी एक व्यक्ती, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या दोन बुटक्या आकृत्या, इजिप्तच्या बेस देवाच्या चेहरेपट्टीच्या. त्यातल्या एकीच्या मुकुटावरून ओळ जाते : ‘शोमरोनचा याह्वे आणि त्याची अशेरा यांच्या नावाने मी तुम्हाला आशीर्वाद देतो.’ दुसऱ्या रांजणावर ‘तेमानचा याह्वे आणि त्याची अशेरा’. हेब्रोनजवळच्या खिरबेत एल-कोम इथल्या इ.स.पू. आठव्या शतकातल्या एका कबरीतही उरीयाहू नावाच्या माणसासाठी याह्वे आणि ‘त्याची अशेरा’ असाच आशीर्वाद कोरला आहे.

आता अडचण. हिब्रूत विशेषनामाला ‘त्याची’ हा प्रत्यय सहसा लागत नाही. आपण ‘त्याची बायको’ म्हणतो, ‘त्याची रुक्मिणी’ म्हणत नाही, तसंच. म्हणून काहींचं म्हणणं, इथे ‘अशेरा’ म्हणजे देवी नव्हे तर तिच्या नावाचा लाकडी खांब किंवा झाड, जे वेदीशेजारी उभं असे. दुसरा पक्ष म्हणतो, खांब कुणाचा? देवीचाच ना!

माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचं कारण रांजण नव्हे, बायबल. २ राजे २१ मध्ये मनश्शे राजा अशेरेची मूर्ती थेट यरुशलेमच्या मंदिरात बसवतो आणि २३:७ मध्ये त्याच मंदिराच्या आवारात बायका अशेरेसाठी वस्त्रं विणत बसलेल्या आहेत. देवीला नेसवायला वस्त्र लागतं. मात्र त्या दोन बेससारख्या आकृत्या म्हणजे ‘नवराबायकोचं चित्र’ असं ठोकून देऊ नका. लेख आणि चित्र वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वेळी काढलेलं असण्याची शक्यता दाट आहे.

६. मूर्तिपूजा तर मना होती. मग मातीच्या बायका कशा सापडतात?

यहूदात, विशेषतः यरुशलेमात, इ.स.पू. आठव्या ते सहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या थरांत मातीच्या लहान स्त्रीमूर्ती शेकड्यांनी निघाल्या आहेत. खाली खांबासारखा बुंधा, वर दोन्ही हातांनी सावरलेले स्तन. डोकं कधी साच्यातलं, नीट केस वळवलेलं. कधी चिमटीत दाबून चोचीसारखं केलेलं. त्या देवळांत कमी, राहत्या घरांत आणि उकिरड्यावर जास्त मिळतात, बहुधा मोडलेल्या. अशेरा असेल, दूध-बाळंतपणाचा तोडगा असेल, घराची राखण असेल. लेख एकीवरही नाही, त्यामुळे छातीठोक कोणी बोलू नये.

खुद्द याह्वेची मूर्ती मात्र हमखास म्हणावी अशी एकही नाही. त्याची जागा उभा दगड घेत असे (हिब्रूत मस्सेबा), किंवा पशू. उत्तरेत, दोथानजवळच्या एका उघड्या पूजास्थानी इ.स.पू. बाराव्या शतकातला सुमारे १८ सेंमी लांबीचा काशाचा बैल मिळाला. उत्तरेचा पहिला राजा यराबाम याने बेथेल आणि दानला बसवलेली सोन्याची वासरं (१ राजे १२) याच परंपरेतली. वासरू म्हणजे देव नव्हे, देवाचं वाहन, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. नंदी रोज पाहणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘वासराची पूजा’ हा आरोप दक्षिणेच्या लेखकांनी केलेला आहे, हेही लक्षात असू द्या.

७. घरात काय चालायचं? सगळं देवळातच होतं का?

रोजचा धर्म घरातलाच. लहान धूपवेद्या, मातीचे स्तंभ, दिवे, मूर्ती हे घरांच्या कोपऱ्यांत सापडतं. ‘तेराफीम’ नावाच्या गृहदेवता बायबलच्या गोष्टींतही सहज वावरतात : याकोबाची बायको राहेल बापाचे देव उंटाच्या खोगिरात दडवून वर बसते, मीखल आपला नवरा दावीद याच्या जागी अंथरुणात एक निजवते. मेलेल्यांना अन्न-पाणी देण्याची चालही होती, नाहीतर अनुवाद २६:१४ मध्ये ‘दशमांशातलं काही मृतासाठी दिलेलं नाही’ अशी शपथ घ्यायला लावली नसती.

आणि यिर्मया ७:१८ चं चित्र बघा : पोरं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळून ‘आकाशाच्या राणी’साठी पोळ्या करतात. पूर्ण कुटुंब कामाला लागलेलं. ४४ व्या अध्यायात त्या बायका संदेष्ट्याला तोंडावर सुनावतात की आम्ही राणीला धूप घालत होतो तेव्हा पोटभर खायला होतं, बंद केलं आणि दुष्काळ-तलवार मागे लागली. अख्ख्या जुन्या करारात सामान्य भाविकांची बाजू त्यांच्याच शब्दांत इतकी स्पष्ट क्वचितच ऐकू येते.

८. मंदिर यरुशलेमात एकच होतं ना?

नियम म्हणून एकच, आणि तोही उशिराचा. प्रत्यक्षात गावोगावी ‘उच्च स्थाने’ म्हणजे स्थानिक पूजास्थानं होती. दानला अव्राहाम बिरान यांनी उकरलेला प्रशस्त चौथरा आणि वेदीची जागा आजही बघता येते. दक्षिणेच्या नेगेव वाळवंटातल्या अरादच्या किल्ल्यात गाभाऱ्यासकट देऊळ होतं. मोत्सा तर यरुशलेमपासून सात किलोमीटरच्या आत. तिथे इ.स.पू. ९०० च्या सुमाराचं देऊळ २०१२ मध्ये रस्त्याच्या कामाआधीच्या खोदाईत निघालं, मातीच्या घोड्यांसकट. इतक्या जवळचं देऊळ राजाला ठाऊक नव्हतं असं म्हणणं कठीण.

नेगेवमधल्याच बेर्शेबाची गोष्ट आणखी मजेची. १९७३ मध्ये कोठाराच्या भिंतीत बसवलेले घडीव दगड ओळखू आले : चार कोपऱ्यांना शिंगं असलेली मोठी वेदी कुणीतरी सुटी करून बांधकामात वापरली होती. एका दगडावर साप कोरलेला. निर्गम २०:२५ म्हणतं वेदीला घडीव दगड लावू नका. इथे सगळे घडीव. वेदी मोडली कुणी? यहूदाचा राजा हिज्कीया याच्या सुधारणेत (२ राजे १८) मोडली असावी, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याच हिज्कीयाने मंदिरातला नहुश्तान नावाचा पितळी सापही फोडला, ज्याला लोक तोवर धूप घालत होते. यरुशलेमबाहेरच्या पूजेवर पूर्ण बंदीचा प्रयत्न योशीया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास केला. तो कितपत टिकला हे प्रश्न १३ मध्ये दिसेल.

९. देवळात गांजा जाळत होते, ही बातमी खरी की अफवा?

खरी, पण बातम्यांत सांगतात तेवढी सैल नव्हे. अरादच्या गाभाऱ्याच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन वेद्या मिळाल्या होत्या, मोठी अर्ध्या मीटरच्या आसपास, दुसरी तिच्याहून बुटकी. त्यांच्या माथ्यावर काळं किटण चिकटून राहिलं होतं. त्याचं रासायनिक पृथक्करण २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. मोठीवर ऊद, म्हणजे दक्षिण अरबस्तानातून येणारा महागडा फ्रँकिन्सेन्स, जनावराच्या चरबीत मिसळलेला. लहानीवर गांजाचे घटक, जनावराच्या शेणात कालवलेले. चरबीने ऊद जास्त तापून वास सुटतो. शेणाने आच मंद राहते. गोवरीवर धूप घालणाऱ्या घरात हे तंत्र नवीन नाही.

पण हे इ.स.पू. आठव्या शतकातलं, सीमेवरच्या किल्ल्यातलं एक देऊळ. यरुशलेमात हेच चालायचं, असं यावरून काढता येत नाही. निर्गम ३० मधल्या धूपाच्या पाककृतीत तर गांजा मुळीच नाही.

१०. बळी नेमका कसा द्यायचे? सगळं जाळून टाकायचे का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज. लेवीयमध्ये प्रकार आहेत आणि मराठी बायबलमध्ये त्यांना शब्दही चांगले आहेत, आवृत्तीनुसार थोडे बदलतात. होमबली (ओला) पूर्ण जळतो, फक्त कातडं पुरोहिताचं. अन्नार्पण (मिन्हा) म्हणजे सपीठ, तेल, ऊद. पापार्पण आणि दोषार्पण शुद्धीसाठी आणि भरपाईसाठी. आणि शांत्यर्पण, जे मुळात जेवणच आहे.

शांत्यर्पण घ्या. माणूस बकरं घेऊन येतो, त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि कापतो तो स्वतःच, पुरोहित नव्हे. पुरोहित रक्त धरतो आणि वेदीच्या बाजूंवर टाकतो, कारण रक्तात जीव आहे आणि तो देवाचा. चरबी, गुरदे, काळजावरचा पडदा वेदीवर. छाती आणि उजवी मांडी पुरोहितांकडे. उरलेलं घरचे लोक खातात, नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं (लेवीय ७). प्रत्येक अन्नार्पणात मीठ हवंच. खमीर आणि मध वेदीवर चालत नाही. बकरं परवडत नसेल तर पापार्पणाला दोन पारवे, तेही नसतील तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ.

हे झालं पुस्तकी. १ शमुवेल २ मध्ये शिलोच्या देवळात पुरोहिताचा गडी तीन दातांचा काटा घेऊन येतो, मांस शिजत असलेल्या भांड्यात खुपसतो आणि जे वर येईल ते पुरोहिताचं. तिथला पुरोहित एली याची पोरं त्याहून पुढे गेली : चरबी जळायच्या आधीच कच्चं मांस मागू लागली, नाहीतर जबरदस्ती. वाटा कुठला, कोणाचा, किती, यावर देवळात तंटा होत असे. म्हणूनच लेवीयमध्ये वाटणी इतकी बारीक लिहून ठेवलेली आहे, असं मला वाटतं.

११. लहान मुलांचा बळी देत होते का?

काही जण, काही वेळा, देत होते असं मानायला आधार आहे. यिर्मया ७:३१ यरुशलेमखालच्या हिन्नोमच्या खोऱ्यातल्या ‘तोफेत’ नावाच्या जागेबद्दल सांगतो की तिथे लोक आपले मुलगे-मुली अग्नीत जाळतात, आणि देवाच्या तोंडी घालतो : ‘हे मी सांगितलं नव्हतं.’ जे देवाची आज्ञा आहे असं कुणी मानतच नव्हतं ते ‘मी सांगितलं नाही’ असं बजावून कोण सांगेल? यहेज्केल २०:२५-२६ तर आणखी अस्वस्थ करणारं आहे.

बायबल म्हणतं, मुलं ‘मोलख’ला दिली जात. हा ‘मोलख’ म्हणजे देव की बळीचा प्रकार, हा वाद १९३५ पासून चालू आहे. ओटो आइसफेल्ट यांनी कार्थेजच्या भाषेतला ‘मल्क’ हा बळीचा शब्द पुढे केला तेव्हापासून. कार्थेजला अर्भकांच्या आणि कोकरांच्या जळक्या हाडांच्या हजारो कुंभ्या आहेत. यरुशलेमात तशी जागा सापडलेली नाही.

१२. शलमोनाचं मंदिर किंवा कराराचा कोश (आज्ञांच्या पाट्यांची पेटी) सापडला का?

नाही. मंदिराची जागा यरुशलेममधल्या आजच्या हराम अश-शरीफ या मशिदींच्या आवाराखाली मानतात आणि तिथे खोदाई होत नाही. नकाशा मात्र शेजाऱ्यांकडे भेटतो. सीरियातल्या ऐन दारा इथलं देऊळ १ राजे ६ मधल्या वर्णनाशी फार जुळतं. त्याच्या उंबरठ्यावर जवळजवळ मीटरभर लांबीची अनवाणी पावलं कोरलेली आहेत, आत शिरणाऱ्या देवतेची. जानेवारी २०१८ च्या हवाई हल्ल्यात हे देऊळ फार उद्ध्वस्त झालं. कोशाबद्दलचे व्हिडिओ कृपया पाठवू नका.

१३. ‘देव एकच’ हे केव्हापासून? आणि त्याला अपवाद होते का?

‘दुसऱ्या देवांना भजू नका’ आणि ‘दुसरे देव नाहीतच’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दहा आज्ञांमध्ये पहिलं आहे. दुसरं स्पष्टपणे ऐकू येतं ते यशयाच्या उत्तरार्धात (अध्याय ४५), बाबिलोनच्या हद्दपारीच्या अखेरीस, जेव्हा मंदिर नव्हतं, राजा नव्हता आणि देव हरला की नाही हाच प्रश्न होता. मात्र उलट टोकालाही जाऊ नका. मुद्रा आणि खापरांवरच्या यहूदी नावांत बहुसंख्य नावं याह्वेची आहेत, इतर देवांची मोजकी. म्हणजे याह्वे हा मुख्य देव होताच. त्याच्यासोबत कोण चालेल, एवढाच वाद होता.

अपवाद हवा तर इजिप्तमधलं एलिफंटाइन बेट बघा. इ.स.पू. पाचव्या शतकात इराणी राजवटीत तिथे यहुदी सैनिकांची वसाहत होती आणि त्यांचं स्वतःचं ‘याहो’चं (म्हणजे याह्वेचंच) देऊळ होतं, बळींसकट. योशीयाची सुधारणा होऊन दोनशे वर्षं उलटली होती. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. ४०७ चा अर्ज मिळाला आहे : दगडी दरवाजे, देवदाराचं छत सगळं गेलं, आम्ही गोणपाट नेसून उपास करतो, तेल लावत नाही, दारू पीत नाही, यहूदाच्या सुभेदाराने परवानगी द्यावी. उत्तरात अन्नार्पण आणि धूपाला होकार आला. होमबलीचा शब्द तेवढा गाळलेला.

याच लोकांची वर्गणीची यादीही आहे, माणशी दोन शेकेल. शेवटी वाटणी : याहोला १२६, एशेम-बेथेल या देवाला ७०, अनात-बेथेल या देवीला १२० शेकेल. पावती इतकी सरळ आहे की त्यांना यात काही चुकतंय असं वाटत होतं, याची खूणही नाही.

१४. बायबलमधला मजकूर त्या काळच्या वस्तूवर प्रत्यक्ष मिळाला आहे का?

हो. १९७९ मध्ये यरुशलेमच्या केतेफ हिन्नोम इथल्या कबरींत गॅब्रिएल बर्काय यांच्या पथकाला चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या, विडीच्या थोटकाएवढ्या, गळ्यात घालायच्या. पथकातल्या एका कंटाळलेल्या पोराने हातोडीने जमीन ठोकली आणि खालची न लुटलेली खोली उघडी पडली, असं बर्काय सांगतात. गुंडाळ्या उलगडायला काही वर्षं गेली. आत गणना ६:२४-२६ चा पुरोहितांचा आशीर्वाद, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो’, त्याच्या फार जवळचा मजकूर. काळ इ.स.पू. सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्याची सुरुवात. पण म्हणून संपूर्ण गणना तेव्हा लिहून झालं होतं असं सिद्ध होत नाही. आशीर्वाद तोंडीही फिरतात. तो इथे गंड्या-ताईतासारखा वापरलाय, याकडे मात्र सहसा कोणी बोट दाखवत नाही.

१५. हे सगळं वाचून बायबल खोटं ठरतं का?

विचारणारे दोन प्रकारचे असतात आणि दोघांची निराशा होते. लोक अशेरेला, आकाशाच्या राणीला, उच्च स्थानांना भजत होते हे बायबल पानोपानी सांगतंच. खोदाईने त्या तक्रारीला दुजोरा दिला. फरक एवढाच की बायबलचे लेखक त्याला बाहेरून शिरलेला विटाळ म्हणतात, आणि जमिनीत तो घरचाच, जुना आणि सर्वांचा दिसतो. श्रद्धेचा निवाडा माझ्याकडे मागू नका.

१६. आजही कुणी बळी देतं का?

शोमरोनी (समॅरिटन) समाज देतो. जेमतेम आठ-नऊशे माणसं उरली आहेत. वल्हांडण (पासोव्हर) सणाच्या संध्याकाळी नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर कोकरं कापून खड्ड्यातल्या विस्तवावर भाजतात. त्यांच्या मते देवाने निवडलेला डोंगर हाच, यरुशलेम नव्हे. मात्र आज जे दिसतं ते तीन हजार वर्षांपूर्वीचं जसंच्या तसं, असं समजू नये. त्यांची पूजाही बदलत आली आहे.

१७. बेने इस्राएलांचा मलिदा हा मंदिरातल्या अर्पणाचा अवशेष आहे का?

कोकणातून आणि ठाण्यातून हा प्रश्न नेमाने येतो. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हनाबीची, म्हणजे संदेष्टा एलीयाची, स्तुती. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात. बरेच जण त्याला लेवीयमधल्या अन्नार्पणाची आठवण मानतात. परंपरा सांगते की पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले आणि ग्रंथ समुद्रात गेले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. ग्रंथ गेले तरी शब्बाथ, सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि खवल्यांचेच मासे खाण्याचा नियम राहिला, तर अर्पण का राहणार नाही, असा युक्तिवाद असतो.

धागा जोडणं मोहाचं आहे, पण मला तो पटत नाही. ‘मलिदा’ हा शब्द फारसी, अर्थ ‘मळलेलं, चुरलेलं’, आणि पिराला चढवायचा मलिदा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. एलीयाला नवस बोलणं मंदिराच्या काळातल्या कुठल्याच अर्पणात बसत नाही. शिवाय प्रश्न १० मध्ये म्हटल्याप्रमाणे वेदीवर गोड चालत नव्हतं. मलिदा साखरेशिवाय कोण करतं? माझ्या मते हा कोकणात, शेजाऱ्यांच्या संगतीत घडलेला आणि म्हणूनच फार मोलाचा विधी आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलीयाचा रथ टेकला असं सांगतात त्या खडकापाशी, लोक आजही मलिद्याचं ताट घेऊन जातात.